सात गाठींचा दोरा

३ सप्टेंबर, बुधवार

पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजातून आणलेल्या सामानात कामाची अशी एकच वस्तू निघाली, ही कोरी वही. दुसरं वर्ष अर्ध्यात सोडलं त्याला अकरा महिने झाले. मेसमध्ये एकाने माझ्या वऱ्हाडी ‘मले-तुले’ची सगळ्यांसमोर नक्कल केली आणि मी वरणाची वाटी त्याच्या तोंडावर फेकली. माफीनामा लिहून दे म्हणाले. नाही दिला. बाबा लोकांना सांगतात, पोरगं सुट्टीवर आहे.

तर आता मी खामगावात रंगराव शेठच्या जिनिंगमध्ये इंग्रजी सांभाळतो. कापूस येतो, त्यातली सरकी निघते, उरलेली रुई प्रेसमध्ये दाबून तिची गठाण बांधतात आणि ती गठाण परदेशी जाते. त्या परदेशाशी बोलायचं काम माझं. शेठला इंग्रजी येत नाही, पण ते तसं म्हणत नाहीत. ‘चष्मा घरी राह्यला’ म्हणतात. रोजच राहतो.

आज एक लांबलचक फॉर्म भरला. शेठ सांगत गेले, मी टाइप करत गेलो. ‘पट्ट्यावर माणसं? चोवीस लिही. नंतर? दोन लिही.’ कशाच्या नंतर ते विचारलं नाही, कारण तेवढ्यात दारात समता आली.

हंगामात पट्ट्यावरून रुई सरकत जाते आणि दोन्ही बाजूंनी चोवीस बाया तिच्यातली पानं, केस, सुतळी, प्लास्टिकच्या पन्नीचे तुकडे वेचून काढतात. समता त्यांची हजेरी लिहिते आणि स्वतःही वेचते. यंदाची नावं द्यायला आली होती.

‘काय इंजिनियर, सकाळपासून त्या डब्याच्या तोंडाकडे पाहून राह्यला. बोलला का तो काही?’

मी काही तरी बोललो. काय ते आठवत नाही. ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि ओठ हलवत स्क्रीन वाचायला लागली. ‘चोवीस कायले लिहिलं रे इथं? अन् हे दोन?’

‘कंपनीले पाह्यजे असते माहिती,’ मी म्हणालो.

तरी ती हलली नाही. पाच मिनिटं तरी उभी होती. फॉर्ममध्ये एवढं बघण्यासारखं काय होतं? म्हणजे कारण वेगळंच असणार. मला रात्रभर पुरेल एवढं आहे हे.

११ सप्टेंबर, गुरुवार

टेप घेऊन दोन माणसं आली, पट्ट्याच्या बाजूची जागा मोजून गेली. दुपारी तिथे सिमेंटचा ओटा टाकायला सुरुवात. प्रेसवाले निवृत्तीकाका म्हणाले, ‘नवा वजनकाटा असंल.’ असेल.

सरकारने बाहेरच्या कापसावरचा कर काढला म्हणून शेठ दिवसभर फोनवर होते. मधेच मला म्हणाले, ‘ब्राझीलमधी झाडावरून गठाणीपर्यंत कापसाले माणसाचा हातच लागत नाही, प्रज्वल. बाईच नाही तर केस कुठून येईन? अन् वरून आपल्यापेक्षा स्वस्त.’ ते ओरडले असते तर मीही ओरडलो असतो, पण ते अगदी हळू बोलले.

२ ऑक्टोबर, दसरा

आजचा दिवस जपून लिहायचा आहे.

प्रेसची पूजा झाली. नारळ निवृत्तीकाकांनी फोडला. मग दरवर्षीप्रमाणे प्रेसवर काम करणाऱ्यांच्या मनगटाला लाल दोरा. यंदा तो बांधायचा मान बायांनी समताला दिला. सगळ्यांकडे तीन गाठी मारतात, ती सात मारते.

‘सात काऊन वं?’ निवृत्तीकाकांनी विचारलं.

‘माही मावशी मारते. तीन सुटतात, काका.’

मी प्रेसवाला नाही. बाजूला उभा होतो. गोजरबाई, म्हणजे बायांतली सगळ्यात जुनी, तंबाखू मळता मळता म्हणाली, ‘त्या पोट्ट्यालेही बांध. नाहीतर रुसन अन् आपल्या साऱ्याइच्या हजेऱ्या इंग्रजीत लिहीन.’

सगळ्या हसल्या. समताही हसली, पण गाठी मारताना हसत नव्हती. दोरा इतका ओला होता की हळद माझ्या शर्टाच्या बाहीला लागली. शर्ट धुवायला टाकला नाही. माय विचारत होती.

सात. बाकीच्यांनाही सातच मारल्या, हे मला माहीत आहे. पण माझी सातवी तिने दातांनी ओढली.

२७ ऑक्टोबर, सोमवार

पट्टा सुरू. व्हिएतनामच्या गिरणीने रुई घेण्याआधी नियम पाठवले, ते मी मराठीत करून भिंतीवर लावले: डोक्याला टोपी, हातात बांगडी नको, अंगावर रंगीत दोरा नको. एका गठाणीत एक रंगीत धागा निघाला तरी विणलेल्या कापडात मैलभर डाग दिसतो म्हणे. प्रत्येक गठाणीवर नंबराची पट्टी, म्हणजे घाण कुठून आली ते तिकडे बसून कळेल.

टोप्या वाटल्या तेव्हा गोजरबाई म्हणाली, ‘चाळीस वर्सं माहे केस या रुईत गेले. कोणा साहेबाच्या शर्टात मी हाओ, अन् आता म्हणते डोकं झाक!’

प्रेसवाल्यांनी दोरे काढायला साफ नकार दिला. पूजेचा दोरा आपणहून गळतो, तोडत नसतात. शेठ म्हणाले, बरं, पूर्ण बाह्यांचे शर्ट घाला. म्हणजे नियम मी लिहिला आणि मीच बाहीखाली दोरा लपवून फिरतो आहे. याचीही मजा वाटते.

५ नोव्हेंबर, बुधवार

समता आज परत विचारत होती. ‘त्या फॉर्मचं उत्तर आलं का? कोणतं पत्र आलं तर मले सांगशीन?’

मी म्हणालो, तुझ्यासाठी पत्र कशाला, काहीही सांगीन. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कुठल्या दुसऱ्याच गावच्या गाडीत बसलो आहे. लाजली असावी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

दुपारच्या सुट्टीत समता सरकीच्या ढिगामागे फोनवर बोलत होती. ‘हरिओम, तू खरं सांग. हरिओम, मले अंधारात नको ठेवू.’ मग रडली. मग त्यानेच काही तरी म्हटलं असेल, तर हसली. रडता रडता हसली! माझ्याशी बोलताना ती कधी नुसतीसुद्धा रडलेली नाही.

डोकं फिरलं. तसाच प्रेसकडे गेलो. निवृत्तीकाका जेवायला गेलेले, प्रेसची पेटी रुईने अर्धी भरलेली. बाही वर केली, दोरा दातांनी तोडला आणि दिला फेकून आत. जा म्हटलं. काका आले, पेटी भरली, बटण दाबलं, रुई दाबून बसली. गठाणीवर नंबर लागला ४१२.

संध्याकाळी गेटवर समता भेटली. ‘तोंड काऊन उतरलं रे? जेवला नाही का?’

मी उत्तर न देता निघून आलो. आता वाटतं, द्यायला हवं होतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन ४१२ शोधली. थप्पीत वरून चौथ्या थरात, भिंतीच्या बाजूने. ती काढायची तर गाडी लावून वरच्या तीन गठाणी उतरवायला हव्यात, ४१२ला आवळलेल्या पट्ट्या कापायला हव्यात, म्हणजे निवृत्तीकाकांना सांगायला हवं. काय सांगू? काका, एका पोरीच्या रागाने मी पूजेचा दोरा तोडला? ते तर मला प्रेसजवळ उभं करणार नाहीत. आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत साऱ्या बायांना कळेल.

सोमवारी सांगतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कंटेनर गेला. सांगितलं नाही.

२९ डिसेंबर, सोमवार

मेल आला. गठाण ४१२, लाल दोरा, गाठी मारलेला. सोबत फोटो.

आधी मी फोटो मोठा करून गाठी मोजल्या. सात. व्हिएतनामच्या टेबलावर, निळ्या कापडावर, मोजपट्टीच्या बाजूला. एवढा समुद्र ओलांडून एकही सुटली नाही.

शेठनी विचारलं, काही आलं का? मी म्हणालो, नवीन वर्षाच्या शुभेच्छा आल्या.

३१ डिसेंबर, बुधवार

गिरणीवाल्यांनी परत मेल केला आणि शेठच्या फोनवरही फोटो पाठवला, त्यामुळे सांगावंच लागलं. वाटलं होतं टेबल पालथं करतील. उलट चष्मा लावून (होता खिशात!) फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, ‘याच्या चार प्रती छापून आण. रंगीत.’

बस. एवढंच. मला तर त्यांचा चेहरा हलका झाल्यासारखा वाटला. का ते कळलं नाही.

सोमवारी गिरणीवाले व्हिडिओवर येणार. बायांनाही बोलावलं आहे. मी दोन दिवसांपासून मनगटाला रुमाल बांधून फिरतो. माय विचारते, लागलं का बाळा?

५ जानेवारी, सोमवार

ऑफिसात शेठ, मी, निवृत्तीकाका, गोजरबाई आणि समता. बाकीच्या बाया दाराबाहेर, टोप्या घालूनच.

स्क्रीनवर गिरणीतली मुलगी आली. वय समताएवढंच. तिच्या डोक्यावर तीच टोपी, तशीच काठाला रबर असलेली. गोजरबाई पुढे वाकून म्हणाली, ‘अवं बाई, ही तर आपल्यातलीच दिसते.’ त्या मुलीने हातमोज्यातल्या चिमट्याने दोरा धरून कॅमेऱ्यासमोर आणला आणि काही तरी म्हणाली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

‘ती म्हणते, हे कोणाचं ते सांगा. काय सुधारणा करणार ते लिहून द्या.’

तिने खरंच तेवढंच विचारलं होतं. मी काही वाढवलं नाही की लपवलं नाही. जन्मात पहिल्यांदा एवढं बरोबर भाषांतर केलं असेल.

निवृत्तीकाकांनी आपली बाही वर केली. दोरा होता. ‘प्रेसवरच्या माह्या चार पोट्ट्याइचेही हाएत. पाहून घ्या,’ म्हणाले.

समता स्क्रीनकडे पाहत होती. मग काकांच्या मनगटाकडे. मग माझ्या रुमालाकडे. तिथे ती थांबली. किती वेळ ते सांगता येत नाही. शेठच्या भिंतीवरचं घड्याळ बंद आहे.

मी बोलणारच होतो.

‘तो माहा आहे,’ समता म्हणाली. ‘दसऱ्याचा उरलेला ओटीत बांधला होता. पट्ट्यावर पडला असंल. बायांचा काही दोष नाही, शेठ. मले काढा, बायांले ठेवा.’

‘ओटीतल्या दोऱ्याले सात गाठी कायच्या पडतात वं?’ गोजरबाई म्हणाली.

‘पडतात,’ समता म्हणाली.

शेठनी समोरच्या चार रंगीत प्रती उगाच सारख्या केल्या. ‘बरं,’ म्हणाले. ‘लिही प्रज्वल. चूक मजुराची. मजूर कमी केला.’

मी लिहिलं. माझ्या हाताने, माझ्या इंग्रजीत. व्हिएतनामच्या मुलीने मान तुकवली आणि समताकडे पाहून हात जोडल्यासारखं केलं. स्क्रीन बंद झाली.

कागदी टोपी काढून समताने माझ्या टेबलावर ठेवली.

६ जानेवारी, मंगळवार

रात्रभर एकच विचार. तिने माझ्यासाठी केलं. मला वाचवलं. दुसरं काय कारण असेल? माणूस परक्यासाठी असं करतो का?

संध्याकाळी बसस्टँडवर गाठलं. फलाटावर हातात हजेरीचं जुनं रजिस्टर घेऊन बसली होती.

‘समता, मी उद्या शेठले सांगतो. खरं काय ते.’

‘कायले? एकाची चूक लिहून झाली, ते खूश झाले. आता तू दुसरं सांगितलं तर म्हणतीन, एथं साऱ्याइच्या हातून दोरे पडतात. मंग?’

‘मंग काय?’

‘मंग मशीन.’ तिने माझ्याकडे पाहिलं. ‘तुले खरंच माहीत नाही? फॉर्म तू भरला रे. हरिओम, माह्या मावशीचा पोरगा, जळगावाकडे फिटर हाय. त्यायच्या जिनिंगमधी आलं. कॅमेऱ्यानं पाह्यते अन् हवेनं उडवते. तीस बाया होत्या, दोन माणसं राह्यले. चार महिने झाले तुले विचारून राह्यली मी.’

माझ्या डोक्यात त्यातलं एकच घुसलं. हरिओम मावशीचा पोरगा आहे. मी एवढा हसलो असेन की ती उठून उभी राहिली.

‘तुले हसू येते?’

‘नाही. तसं नाही. समता, तू माह्यासाठी...’

‘चोवीस घरांसाठी,’ ती म्हणाली. ‘आता तेवीस.’ आणि मेहकरच्या गाडीत चढली.

माणसं मनातलं असं फलाटावर बोलत नाहीत. रागात होती. मी समजू शकतो.

१६ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत झाली. शेठनी पट्टा दुपारी बंद केला, बायांना ओळीने बसवून तिळगूळ आणि प्रत्येकीला झाकणाचा स्टीलचा डबा दिला. मग सांगितलं, सोमवारपासून येऊ नका.

कुणी ओरडलं नाही. मी वाट पाहत होतो, कुणीतरी ओरडावं. गोजरबाईने डब्याचं झाकण दोनदा उघडून लावून पाहिलं. ‘बरं बसते,’ म्हणाली. मग गेटवर मागे वळून, ‘रंगराव, तुह्या बापानं मले बिना टोपीचं ठेवलं होतं बरं.’

शेठ ऑफिसात येऊन बसले. मी आत गेलो आणि दार लावून घेतलं.

‘तो दोरा माहा होता. मी तोडून टाकला. जाणूनबुजून. समताचा काही संबंध नव्हता. मले काढा. बायांले परत बोलवा. नाहीतर मी आत्ता व्हिएतनामले मेल करतो, साऱ्या दुनियेले सांगतो!’

आवाज चढला होता. टेबलावर हात आपटला, पेपरवेट खाली पडलं. शेठनी ते वाकून उचललं.

‘बस खाली.’

‘नाही बसत.’

‘मंग उभा राह्य. त्या दोऱ्याचं काय घेऊन बसला, बाप्पा? मशीन श्रावणात ठरलं. सप्टेंबरात तू फॉर्म भरला. ओटा बांधला तवा तू एथंच होता.’

‘मंग त्या चार प्रती?’

‘एक बँकेले, कर्जासाठी, एक मशीनवाल्याले, एक घरी, भावाले दाखवाले. तो म्हणे, बायांले काढू नको, लोक काय म्हणतीन. फोटो पाह्यला अन् गप बसला.’ चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. ‘दोरा नसता सापडला तरी मशीन येतंच होतं. मले काय हौस हाय? नाही घेतलं तर पुढच्या साली गेटले कुलूप. मंग तू, निवृत्ती, सारेच.’

चौथी प्रत कुणाला ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

मला वाटत होतं, कबूल केलं की काही तरी होईल. मार पडेल, नोकरी जाईल, कुणी तरी थुंकेल. इथे तर माझा गुन्हासुद्धा कुणाला नको आहे.

निघताना शेठ म्हणाले, ‘सोमवारी लवकर ये. मशीनवर जे दोघं पाह्यजे, त्यातला एक तू हायेस. तुह्या नावाचं ट्रेनिंग सर्टिफिकेट मागवलं. बारावीची मार्कशीट दिली होती न तू, ती मशीनवाल्याकडं जमा हाय. दोन वर्सं काम सोडता येत नाही.’

१७ जानेवारी, शनिवार

ही वही उलटी चाळली. ३ सप्टेंबर. ‘कशाच्या नंतर ते विचारलं नाही.’ माझंच अक्षर. त्याखाली, ती खुर्चीमागे पाच मिनिटं उभी होती, ते.

ते पान फाडायला घेतलं. नाही फाडलं.

बाबांनी पेढे आणले. ‘पोरगं मशीनवर साहेब झालं’ म्हणून गल्लीत वाटून आले. माझ्या हातावरही एक ठेवला.

२५ जानेवारी, रविवार

समताच्या गावी गेलो. घराला कडी. शेजारीण म्हणाली, त्या साऱ्या जणी सोनाळ्याकडे संत्र्याच्या तोडीला गेल्या, समतानेच टोळी जमवली. ‘तू कोण?’ तिने विचारलं.

मी म्हणालो, जिनिंगमधला.

‘हाव का,’ म्हणाली आणि दार लावून घेतलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

मशीन चालू होऊन आठवडा झाला. मी काचेच्या केबिनमध्ये बसतो. आत गार हवा, बाहेरचा आवाज येत नाही. पट्ट्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या. चोवीस जणी उभ्या राहून फरशी जिथे जिथे गुळगुळीत झाली, तिथे तिथे उजेड पडला की चमकते. कॅमेऱ्याला रंगीत काही दिसलं की हवेचा फटका बसतो आणि ते खालच्या पेटीत पडतं. केस, सुतळी, पन्नी. त्याला कंटाळा येत नाही, तंबाखू लागत नाही, कुणी रुसलं ते कळत नाही.

आज कंपनीचा माणूस आला होता. म्हणाला, रोज सकाळी चाचणी घ्यायची. एक रंगीत वस्तू रुईत टाकायची, मशीनने ती उडवली पाहिजे, मग सही करून काम सुरू. वस्तू ठरलेली हवी, रोज तीच.

शेठनी कपाट उघडून पन्नीचं पाकीट काढलं. गिरणीने पुरावा म्हणून कुरिअरने परत पाठवलं होतं. वर नंबर, ४१२. ‘हे घे,’ म्हणाले. ‘आपल्याकडे याच्यापेक्षा पक्की वस्तू नाही.’

पाकीट मी उघडलं. रंग थोडा उतरला आहे. गाठी तशाच.

टाकला. पट्ट्यावरून पांढऱ्या रुईत सरकत गेला, जिथे समता उभी राहायची तिथून पुढे गेला आणि फट्. पेटीत. कंपनीचा माणूस म्हणाला, ‘पर्फेक्ट.’

मी खाली वाकून तो उचलला, झटकला, पाकिटात ठेवला. सही केली. उद्या साडेसातला परत.